अनागताचा हिशेब

इंग्रजीतील 'अँटिसिपेशन' या शब्दास मराठीत एकच प्रतिशब्द सांगा, असे कोणी म्हटले तर मोठी पंचाईत होते. अपेक्षा, पूर्वकल्पना, पूर्वानुमान, अटकळ असे चारपाच शब्द सुचतात आणि त्यांतील एकही सर्वत्र चालत नाही. जळगावच्या न्यायालयात वकील हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात जामीन असतो. पेढीवरचा हिशेबनीस तोच शब्द वापरतो तो न झालेल्या नफ्याविषयी. हतनूरच्या धरणावरील इंजिनियरास त्यावरून दरवाजे केव्हा उघडावयाचे हे आठवते, डॉक्टरास आनुवंशिक रोग आठवतो, आणि पेटंटच्या कचेरीत तर हा शब्द भविष्याकडे पाठ फिरवून भूतकाळाकडे तोंड करून उभा राहतो.

हा विषय केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा असता तर त्यासाठी आपला वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु एका शब्दाच्या पोटात निरनिराळे व्यवहार दडलेले असले, की एका व्यवहारातली खात्री दुसऱ्या व्यवहारात नकळत उसनी घेतली जाते आणि तिची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. पावसाचा अंदाज, पिकाचा अंदाज, भावाचा अंदाज आणि सरकारी अंदाजपत्रक या चारही अंदाजांवर ज्याचे वर्ष अवलंबून असते, त्या खानदेशी शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको.

प्रथम शब्दाची घडण पाहू. तो लॅटिन भाषेतून आलेला आहे. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ 'आधी' आणि दुसऱ्याचा अर्थ 'घेणे, हस्तगत करणे' असा आहे. आधीच घेऊन टाकणे, हा मूळ अर्थ. पण कशाच्या आधी, आणि घेणे म्हणजे नुसते मनाने की प्रत्यक्ष हाताने, हे मुळातच मोघम राहिले. ही मोकळी जागा प्रत्येक व्यवसायाने आपापल्या गरजेप्रमाणे भरून काढली.

मराठीने मात्र या व्यवहाराच्या तीन पायऱ्यांना तीन वेगळी नावे दिली आहेत : चाहूल, आडाखा आणि तजवीज. चाहूल लागते, ती आपण लावीत नाही. आडाखा बांधावा लागतो. त्यास बुद्धी व अनुभव लागतो. तजवीज करावी लागते आणि तीत पदरचे काही खर्ची पडते. पश्चिमेला आभाळ भरून आले ही चाहूल. रात्रीपर्यंत पाऊस येईल हा आडाखा. खळ्यावरची ज्वारी झाकून ठेवणे ही तजवीज. याखेरीज 'आगाऊ' हा एक गमतीचा शब्द आपल्याकडे आहे. आगाऊ रक्कम देणारा गृहस्थ भला समजला जातो, पण आगाऊ मुलाला टपली मिळते. अधिकार नसताना आधी घेणे बरे नव्हे, हा दंडक भाषेने त्या शब्दातच घालून ठेवला आहे.

संस्कृतात जे अजून आले नाही ते 'अनागत'. पंचतंत्रातील तीन माशांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कोळी उद्या जाळे घेऊन येणार असे कानी पडताच अनागतविधाता तळे सोडून गेला. प्रत्युत्पन्नमति मागे राहिला आणि ऐन वेळी मेल्याचे सोंग करून सुटला. यद्भविष्य 'व्हायचे ते होईल' म्हणून स्वस्थ बसला आणि मारला गेला. पहिल्या माशाचे नाव हेच खरे तर आपल्या विषयाचे नाव होय. परंतु गोष्ट एक मुद्दा सोडून देते. भरलेले तळे सोडून अनोळखी पाण्यात जाण्यास अनागतविधात्याला काय खर्च आला, आणि कोळी दुसऱ्या दिवशी आलेच नसते तर तो खर्च कोणाच्या नावे पडला असता? चाहूल, आडाखा व तजवीज यांच्या पुढची ही चौथी बाब आहे. तिला आपण भुर्दंड म्हणू. निरनिराळ्या व्यवसायांतील या शब्दाचे अर्थ तपासताना हा भुर्दंड कोठे जातो ते पाहत गेले, म्हणजे पुष्कळसा गोंधळ उलगडतो.

भविष्यकथन ही याहून निराळी गोष्ट आहे, हेही येथेच सांगून ठेवावे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. भाकीत सांगणारा सांगून मोकळा होतो. त्यावरून कोणी काय पेरावे याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी ज्योतिषाला दारावरून परत पाठविणारी कविता रचली, ती अशा भाकितांवरचे एका कष्टकरी बाईचे उत्तरच आहे. आपल्याला येथे विचार करावयाचा आहे तो भाकिताचा नव्हे, तर आधी जाणून आधी काही करण्याचा.

कायद्यापासून आरंभ करू. कारण सामान्य माणसाच्या कानावर हा शब्द अधिक पडतो तो तेथूनच. विधी आयोगाने १९६९ साली आपल्या एकेचाळिसाव्या अहवालात शिफारस केली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३८ आले. ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून तीत हीच तरतूद कलम ४८२ मध्ये आहे. मराठीत यास आपण अटकपूर्व जामीन म्हणतो. खरे पाहता अटकेपूर्वी कोणी कोठडीत नसतो, तेव्हा सोडावयाचे कोणास? न्यायालयाचा आदेश आधी होतो, पण त्याचा परिणाम घडतो तो अटक होण्याच्या क्षणी. अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतो. जळगाव व धुळे या जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

आता या तरतुदीत चाहूल किती असावी? कलमातले शब्द असे आहेत की, आपणांस अटक होईल असे मानण्यास अर्जदाराजवळ कारण असले पाहिजे. १९८० साली गुरुबक्षसिंग सिब्बिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, नुसती धास्ती म्हणजे कारण नव्हे. ज्या गोष्टींवरून धास्ती वाटते त्या न्यायालयाला तपासता आल्या पाहिजेत. कोणत्याही गुन्ह्यासाठी कधीही अटक होऊ नये, असा सरसकट आदेशही मिळावयाचा नाही. म्हणजे कायद्याला चाहूल पुरत नाही, तपासता येईल असा आडाखा हवा. तसा तो असला तर तजवीज नागरिकाच्या बाजूने होते. अटक झालीच नाही, तर आदेश कागदावर राहतो आणि कोणाचे फारसे बिघडत नाही.

याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला प्रतिबंधक स्थानबद्धता आहे. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात तिला जागा दिलेली आहे. १९५० चा स्थानबद्धतेचा कायदा, १९७१ चा 'मिसा' आणि १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा ही तिचीच रूपे होत. त्यांपैकी 'मिसा' १९७८ साली रद्द झाला. येथे आडाखा बांधते ते सरकार. अमुक मनुष्य पुढे काही करील, म्हणून त्याने ते करण्यापूर्वीच त्यास अडकवावयाचे. अटकपूर्व जामिनात नागरिक सरकारच्या कृतीची चाहूल घेतो, स्थानबद्धतेत सरकार नागरिकाच्या कृतीची. पहिल्यात आडाखा चुकला तर एक कागद वाया जातो. दुसऱ्यात चुकला तर माणसाचे महिने वाया जातात. शिवाय तो चुकला हे सिद्ध करण्याची सोयच राहत नाही, कारण कोठडीत असलेल्या माणसाने ते कृत्य बाहेर राहून केले असते की नाही, हे कोण सांगणार? सल्लागार मंडळ, मुदत, कारणे कळविण्याचे बंधन इत्यादी गोष्टी संविधानाने घातल्या त्या याचसाठी.

करारांच्या कायद्यात हाच शब्द व्यापाऱ्यांच्या सोयीचा झाला. १८५२ साली लंडनमध्ये एका गृहस्थाने युरोपच्या प्रवासासाठी १ जूनपासून एक सेवक ठरविला आणि ११ मे रोजी त्यास 'आता तुझी गरज नाही' असे कळविले. सेवकाने १ जूनची वाट न पाहता २२ मे रोजीच दावा लावला. करार मोडण्याची तारीख अजून उगवलीच नव्हती, हा बचाव न्यायालयाने १८५३ साली फेटाळला. जो आजच सांगतो की मी करार पाळणार नाही, त्याची वाट पाहत दुसऱ्याने हात बांधून बसावे असे कायदा म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये हे तत्त्व आले आहे. भुर्दंड येथे करार मोडणाऱ्यावर पडतो, आणि ते न्याय्यच आहे.

पेटंटच्या कायद्यात मात्र गाडी उलट दिशेने जाते. भारताच्या १९७० च्या पेटंट अधिनियमातील एक सबंध प्रकरण या शब्दाच्या नावाने आहे, आणि त्यात भविष्याचा संबंध नाही. आपण नवा म्हणून मांडलेला शोध दुसऱ्या कोणी आधीच 'घेतलेला' असेल, म्हणजे छापलेला, वापरलेला वा लोकांना ठाऊक असलेला असेल, तर तो शोध पूर्वज्ञात ठरतो. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ येथे अगदी तंतोतंत राहिला आहे. याचे आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण हळदीचे. मार्च १९९५ मध्ये जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास आव्हान दिले. पुराव्यादाखल बत्तीस जुने आधार पुढे ठेवले, त्यांत भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेख होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. आजीबाई पिढ्यान्‌पिढ्या हळद लावीत आल्या, हे सर्वांना माहीत होते. पण तेथे उपयोगी पडले ते छापून ठेवलेले. ज्या समाजाचे ज्ञान कागदावर नाही, त्याचे ज्ञान 'आधीचे' असूनही आधीचे ठरविणे जड जाते, ही यातील शिकवण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वैद्यकात या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. काही आनुवंशिक रोग एका पिढीकडून दुसऱ्या पिढीत जाताना लवकर दिसू लागतात व अधिक तीव्र होतात. त्यास हे नाव आहे. स्नायूंच्या एका रोगात आजोबांना उतारवयात केवळ मोतीबिंदू, वडिलांना मध्यम वयात हातापायांची दुर्बलता, आणि बाळाला जन्मतःच गंभीर दुखणे असे घडते. रोग जणू आपली वेळ येण्याआधीच येतो. १९४८ साली लायोनेल पेनरोझ या नामवंत शास्त्रज्ञाने हा निवडीचा भ्रम असल्याचे प्रतिपादन केले. गंभीर आजारी मुले डॉक्टरांकडे लवकर येतात, त्यांच्यावरून घरातील सौम्य आजारी वडीलधारे सापडतात, म्हणून असा क्रम दिसतो, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे तर्काला धरून होते आणि पुढे चाळीसएक वर्षे मान्य राहिले. परंतु १९९१ ते १९९३ या काळात असे दिसून आले की, अशा रोगांत गुणसूत्रावरील तीन अक्षरांचा एक तुकडा पुनःपुन्हा आलेला असतो आणि पिढीगणिक त्याची लांबी वाढू शकते. जुन्या डॉक्टरांना लागलेली चाहूल खरी होती. आडाखा बांधण्याचे साधन तेवढे नव्हते.

याच रोगांपैकी हंटिंग्टनचा रोग असा आहे की, तो होणार की नाही हे रक्त तपासून आधी सांगता येते, पण त्यास बरे करणारा उपाय आजवर हाती आलेला नाही. ज्यांच्या घरात तो आहे त्यांपैकी पुष्कळजण तपासणी करून घेण्याचे नाकारतात. यास अज्ञान म्हणता येणार नाही. ज्या चाहुलीमागे तजवीज नाही, ती चाहूल म्हणजे नुसते ओझे, हे त्यांना कळलेले असते.

मैदानावर आणि मैफलीत मात्र हीच गोष्ट आनंदाची होते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू बॅट्समनपाशी अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेव्हा बॅट्समन चेंडू पाहून नव्हे, तर गोलंदाजाचा हात व मनगट पाहून आधीच पाय हलवितो. आपल्या संगीतात तर 'अनागत' ही संज्ञाच आहे. समेवर यावयाचे ते गवई किंवा तबलजी मुद्दाम सम येण्याच्या किंचित आधी येतो आणि श्रोत्यांच्या माना चुकवून दाद घेतो. सम कोठे आहे हे सर्वांस पक्के ठाऊक असते, म्हणूनच हा खेळ रंगतो. चूक झाली तर भुर्दंड एवढाच की दाद मिळत नाही.

बाजारात सम कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईत पैसा वाहू लागला आणि अजून समुद्राखाली असलेल्या जमिनीच्या कंपन्यांचे शेअर मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. युद्ध असेच चालेल, या आडाख्यावर पुढच्या तारखांचे वायदे झाले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हा भल्याभल्यांची दिवाळी निघाली. सट्टा मुंबईत खेळला गेला. पण कापसाचा भाव उतरल्याची झळ गावोगावच्या पेरणाऱ्यालाही बसली. त्याने वायदा केलेला नव्हता. त्याने फक्त चढा भाव पाहून जमीन कापसाखाली आणली होती.

हिशेबनिसांनी अशा अनुभवांतून एक नियम पक्का केला आहे. जो नफा अजून झालेला नाही तो वहीत धरू नये. जे नुकसान होईल असे दिसते त्याची मात्र आधीच तरतूद करावी. म्हणजे ज्या आडाख्याने आपण खूश होतो तो बाजूला ठेवावयाचा आणि ज्याने मन खट्टू होते तो लिहून काढावयाचा. जळगावच्या पेढ्यांवर सोन्याचा भाव रोज वरखाली होतो. तेथे हा नियम नसता तर भाव चढला की घरात लग्ने निघाली असती आणि उतरला की पेढीला कुलूप लागले असते.

इंजिनियराची गोष्ट वेगळी. त्यास संकट टाळता येत नाही, ते हिशेबात धरून बांधावे लागते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनियर म्हणून रुजू झाले आणि उमेदवारीच्या काळातच त्यांचे काम खानदेशात धुळ्याकडे पडले. पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन घालण्याचे काम चालू असता पावसाळा आला, वाळू आणि दगड वाहून येऊ लागले. काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांनी वरिष्ठांस कळविले. वरिष्ठांस ते पटले नाही, आणि अखेर अडचणी सोसून त्यांनी ते पुरे केले. हा प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केला आहे. पुढे १९०३ साली खडकवासल्याच्या जलाशयावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात. तजवीज यंत्रातच घालून ठेवण्याचा हा प्रकार होय.

मोठ्या धरणावर मात्र सगळे यंत्रावर सोपवून भागत नाही. तापीवरील हतनूरचे दरवाजे वर सातपुड्यात व वऱ्हाडात पाऊस पडतो आहे असे कळताच उघडावे, तर पाऊस ओसरल्यास उन्हाळ्याचे पाणी वाहून जाते. न उघडावे, तर पूर येतो. म्हणून कोणत्या तारखेला किती साठा ठेवावयाचा याचे कोष्टक आधीच केलेले असते. याच तापीच्या खालच्या अंगास, गुजरातेत, उकाईच्या धरणातून ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग झाला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी आधीपासून थोडेथोडे का सोडले नाही, असा प्रश्न त्यानंतर पुष्कळ चर्चिला गेला. साठा राखला तर लाभ शेतीला व विजेला आणि भुर्दंड नदीकाठाला. साठा सोडला तर सारे उलट. आडाखा एकच, पण त्याची दोन पारडी दोन वेगळ्या लोकांच्या दारात.

आणि आता खानदेशच्या शेतीकडे वळू. पांझरेच्या खोऱ्यात, साक्री व धुळे तालुक्यांत, फडपद्धतीचे बंधारे आहेत. त्यांची परंपरा तीनचारशे वर्षांची मानतात. नदीवर बंधारा, बाजूने पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीनचार फड. एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. यंदा पाणी किती पुरेल याचा अदमास घेऊन कोणत्या फडात ऊस, कोणत्यात दुसरे पीक आणि कोणता फड पडीक ठेवावयाचा, हे शेतकरी बैठकीत ठरवीत. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या आणि देखरेखीस हवालदार. या व्यवस्थेतील मर्म असे की, बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी विभागलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडेल म्हणून एक फड बंद ठेवला, तर तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांच्या वाट्याला सारखा येई. ज्यांनी आडाखा बांधावयाचा त्यांनीच तजवीज करावयाची, आणि चुकला तर भुर्दंडही त्यांनीच वाटून घ्यावयाचा. वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि पुष्कळ ठिकाणी ही शिस्त विसकटली. पण या विषयाचा इतका नीट विचार केलेली दुसरी व्यवस्था दाखविणे कठीण आहे.

कोरडवाहू कापसाचा शेतकरी या बैठकीत नसतो. तो एकटा असतो. खानदेशात धूळपेरणी करतात, म्हणजे पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या मातीत सरकी टोचतात. पहिल्या पावसाचा प्रत्येक थेंब बियाण्याला मिळावा, हंगाम लांबावा, हा हेतू. पाऊस वेळेवर आला तर पीक शेजाऱ्यापेक्षा पुढे असते. चारदोन सरी पडून पावसाने पाठ फिरविली, तर कोंब जळतात आणि दुबार पेरणी येते. आडाखा त्याचा, तजवीज त्याची आणि भुर्दंडही त्याचाच.

त्याच्या मदतीस सरकारी अंदाज येतात, हे खरे. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि मोसमी पावसाचा अधिकृत अंदाज १८८६ पासून दिला जातो. विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. तरी २००२ सालचा दुष्काळ आधी सांगता आला नव्हता. त्या वर्षी देशात सरासरीच्या सुमारे ८१ टक्केच पाऊस झाला. शिवाय 'देशात सरासरीइतका' या शब्दांवरून अमळनेरच्या शेतात काय होईल हे कळत नाही. पिकाच्या बाबतीत महसूल खात्याची आणेवारी असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. दशमान नाणी आल्यावर तिला पैसेवारी हे नाव मिळाले आणि पन्नास पैशांची रेघ महत्त्वाची ठरली. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशी ती तीनदा जाहीर होते. दुष्काळ ठरविण्याचे निकष अलीकडे बदलले आहेत. तथापि गावाचा अंदाज रेघेच्या वर की खाली यावर सवलती अवलंबून राहिल्या, की अंदाज हा अंदाज राहत नाही. तो निवाडा होतो.

रावेर-यावलच्या केळीवर हवामानाधारित विमा असतो. त्यात प्रत्यक्ष बागेचे नुकसान मोजण्याऐवजी हवामानकेंद्रावर नोंदलेले तापमान किंवा वारा पाहतात. मोजणी झटपट होते, हा लाभ. परंतु केंद्र एका ठिकाणी आणि बाग दुसऱ्या ठिकाणी. थंडी बागेत पडली आणि केंद्रावर पडली नाही, तर भुर्दंड पुन्हा शेतकऱ्याकडेच येतो.

अंदाज कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग सर्वांना सारखा होत नाही, हे एका सोप्या गणिताने दिसेल. समजा, थंडीच्या रात्री केळीला पाणी देणे व बागेत धूर करणे यास दोन हजार रुपये लागतात, आणि काही न केल्यास थंडी पडली तर वीस हजारांचे नुकसान होते. खर्च केला की नुकसान सर्व टळते असे धरू. मग थंडी पडण्याची शक्यता दहात एकीहून अधिक असेल तेव्हा खर्च करणेच पुढे फायद्याचे ठरते, मग त्यांतील बऱ्याच रात्री तो वाया का जाईना. पण हे 'पुढे' ज्याच्यापाशी दहा रात्रींचे वीस हजार आहेत त्यालाच लागू. जो एका रात्रीचे दोन हजार सावकाराकडून आणतो, तो तीन रात्री वाया गेल्यावर चौथ्या रात्री खर्च करीत नाही, आणि थंडी नेमकी तेव्हा पडते. दोघांना मिळालेला अंदाज एकच. दोघांची तजवीज मात्र ज्याच्या त्याच्या गाठीप्रमाणे.

तेव्हा 'अँटिसिपेशन'ला एकच मराठी शब्द शोधण्याचा आग्रह सोडून द्यावा, हेच बरे. वकिलाला तपासता येणारे कारण पाहिजे, हिशेबनिसाला सावधगिरी, इंजिनियराला कोष्टक, डॉक्टराला उपाय. हा शब्द कोणीही वापरला, की आपण चार प्रश्न विचारावेत. चाहूल कोणाला लागली? आडाखा कशाच्या आधारावर बांधला? तजवीज कोणी करावयाची? आणि आडाखा चुकला तर भुर्दंड कोणाच्या माथी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञ देतात, आणि ती दिवसेंदिवस सुधारत आहेत. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र तज्ज्ञांनी द्यावयाची नसून समाजाने ठरवावयाची आहेत. पांझरेकाठच्या गावकऱ्यांनी आपल्यापुरती ती ठरविली होती. पावसाचा अंदाज जाहीर करणाऱ्या, विम्याची केंद्रे उभारणाऱ्या आणि हमीभाव ठरविणाऱ्या आपल्या आजच्या संस्थांनी त्या बैठकीपासून एवढे जरी घेतले, की अंदाज बांधताना तो चुकल्याचा खर्चही त्याच कागदावर लिहावा आणि तो कोण सोसणार त्याचे नाव घालावे, तरी धूळपेरणी करणारा शेतकरी आज जितका एकटा आहे तितका राहणार नाही.